तालीसपत्राची पुडी घेण्याआधी

दिवाळी सरली की वऱ्हाडात खोकल्याचा हंगाम सुरू होतो. सोयाबीनच्या मळणीची धूळ, जिनिंगमधली उडती रुई, तुरीचा भुसा, पहाटेचा गारठा आणि संध्याकाळच्या शेकोट्या हे सगळे एकदमच छातीत उतरते. परतवाड्याच्या पुढे मेळघाटाचा चढ लागतो, त्यामुळे इथला गारठा अमरावती-अकोल्यापेक्षा जरा जास्तच झोंबतो. घरोघरी ढास लागलेली असते आणि कुणीतरी अनुभवी माणूस सांगतो, "तालीसादी घ्या, उतार पडेल."

सल्ला जुना आहे आणि चुकीचाही नाही. पण हा सल्ला घेऊन बाजारात गेलात की तुमच्या हाती दोन वेगळ्या वस्तू पडू शकतात. औषधांच्या दुकानात तालीसादी चूर्णाची बंद डबी मिळते. काष्ठौषधीच्या दुकानात, किंवा डिसेंबरअखेर बहिरमची यात्रा भरते तेव्हा जमिनीवर चादर अंथरून बसलेल्या जडीबुटीवाल्याकडे, तालीसपत्र म्हणून सुटा वाळका पाला मिळतो. "मूठभर घ्या, काढा करा" असे वर सांगितलेही जाते. यातली डबी योग्य माणसाने योग्य मात्रेत घ्यायला हरकत नाही. सुट्या पाल्याचा काढा मात्र घेऊ नये. असे का, ते समजून घेतले तर ही पुडीच नव्हे, हिमालयातून येणारी कुठलीही पुडी पारखणे सोपे जाईल.

झाड कुठले, पान कसले

तालीस हा हिमालयातला उंच, सदाहरित सूचिपर्णी वृक्ष. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने तालीसपत्र म्हणून अबीस वेबियाना या झाडाची पाने मान्य केली आहेत. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या पुस्तकांत हेच झाड अबीस स्पेक्टॅबिलिस या नावाने सापडते. समुद्रसपाटीपासून साधारण 2,800 ते 4,000 मीटर उंचीवर, बर्फ पडणाऱ्या उतारांवर ते वाढते. आपले चिखलदरा साधारण 1,100 मीटरवर आहे. म्हणजे विदर्भातल्या या थंड हवेच्या गावाच्या दुपटीहून जास्त उंची गाठल्याशिवाय तालीस दिसायचा नाही. "चिखलदऱ्याच्या जंगलातले ताजे तालीसपत्र" असे कुणी सांगितले, तर पुढे काही न विचारता पुडी परत करावी.

चिखलदऱ्याला रस्त्याकडेला दिसणारा सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून विकली जाणारी कुंडीतली झाडे, अंगणातली मोरपंखी आणि सुरू यांचाही तालीसाशी औषधी संबंध नाही. पाने सुईसारखी दिसली म्हणून ती उकळून पिऊ नयेत.

एका नावाखाली चार झाडे

खरी अडचण इथे आहे. तालीसपत्र या एकाच नावाने देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या झाडांची पाने विकली जातात.

पहिले खरे तालीस. त्याची पाने सपाट, अरुंद, 2 ते 5 सेंटीमीटर लांब. टोकाला बारीक खाच असते. पान उलटे केले की मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरट पट्टे दिसतात. ताजे पान चोळल्यावर राळेसारखा वास येतो. झाडावर जांभळट शंकू फांदीच्या वर ताठ उभे असतात.

दुसरे थुनेर, म्हणजे हिमालयी यू, शास्त्रीय नाव टॅक्सस वॉलिचियाना. पाने साधारण तेवढीच, तशीच सपाट. पण टोक खाचलेले नाही, निमुळते आणि टोकदार. खालचे पट्टे पांढरे नसून फिकट पिवळसर-हिरवे. पानात राळ नसल्याने चोळूनही तो वास येत नाही. या झाडाला शंकू लागत नाहीत. बीभोवती लाल, मांसल पेला असतो. जुन्या औषधी ग्रंथांत आणि उत्तरेच्या बाजारांत यालाच तालीसपत्र मानण्याची परंपरा आहे. आणि हेच झाड विषारी आहे.

तिसरे, हिमालयात आणखी उंचावर वाढणारे एक सुगंधी झुडूप, ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातले. याची पाने रुंद आणि लंबगोल असतात, पाठीमागून तपकिरी. चौथे, दक्षिणेत तालीसपत्र म्हणून वापरली जाणारी, एका काटेरी फळझाडाची रुंद, दातेरी कडांची पाने. ही दोन्ही पाहताच वेगळी ओळखू येतात. घोळ होतो तो पहिल्या दोघांत.

खाच, पट्टे, वास या खुणा ताज्या पानाला लागू पडतात. गोणीत महिनोन्‌महिने राहून तुकडे झालेल्या, रंग आणि वास गेलेल्या पाल्यात तालीस आणि थुनेर वेगळे काढायला सूक्ष्मदर्शक लागतो. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याला माल ठोक व्यापाऱ्याकडून ज्या नावाने आला, त्याच नावाने तो विकणार. त्यामुळे या प्रश्नात दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. सुटा पाला न घेणे हेच शहाणपण.

थुनेरचे विष

थुनेरच्या पानांत, सालीत आणि बियांत टॅक्सीन नावाची विषारी द्रव्ये असतात. ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. चक्कर, मळमळ, अशक्तपणा, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणे, मग नाडी मंद किंवा अनियमित होणे असा क्रम दिसतो. पान वाळवल्याने विष जात नाही. या विषावर उतारा नाही. रुग्णालयात हृदय सांभाळणे एवढाच उपचार. युरोपातल्या यू झाडाबाबत विषशास्त्राचा अंदाज असा, की 50 ते 100 ग्रॅम पाने मोठ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतात, आणि त्याहून कमी मात्रेतही हृदयाची लय बिघडू शकते.

या यू कुळाचा एक मोठा उपकारही आहे, आणि त्यात एका मराठी मुलखातल्या माणसाचा वाटा आहे. नंदुरबारला 1925 मध्ये जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे द्रव्य वेगळे काढले आणि त्याची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध केली. 1992 मध्ये अमेरिकेत ते अंडाशयाच्या कॅन्सरवरचे औषध म्हणून मंजूर झाले. आज पॅक्लिटॅक्सेल या नावाने ते आपल्याकडच्या कॅन्सर रुग्णालयांतही दिले जाते.

यावरून कुणी "कॅन्सरवर थुनेरचा काढा" सुचवला, तर एवढे सांगा: टॅक्सॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते इंजेक्शनच्या रूपात, शिरेतून, काटेकोर मोजून दिले जाते. काढ्यात औषध उतरत नाही, विष उतरू शकते. शिवाय टॅक्सॉलच्या मागणीपायी हिमालयातले थुनेर इतके तोडले गेले, की 1995 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आहेत.

चूर्णातला हिशेब

तालीसादी चूर्णाचा पाठ चरकसंहितेच्या राजयक्ष्मा, म्हणजे क्षयाच्या, प्रकरणात येतो. खोकला, दम, तोंडाला चव नसणे, मंदावलेली भूक यांवर तो सांगितलेला आहे. त्याचे प्रमाण वाचले की बऱ्याच शंका आपोआप सुटतात.

तालीसपत्र 1 भाग, काळी मिरी 2, सुंठ 3, पिंपळी 4, वंशलोचन 5, दालचिनी आणि वेलदोडा प्रत्येकी अर्धा भाग, आणि खडीसाखर 32 भाग. एकूण 48 भाग.

म्हणजे ज्याच्या नावाने चूर्ण ओळखले जाते, ते हिमालयातले पान अठ्ठेचाळीसात एक. 3 ग्रॅमची मात्रा धरली तर तालीसपत्र त्यात साधारण 60 मिलीग्रॅम. आता मूठभर पाल्याच्या काढ्याशी तुलना करा. 10 ग्रॅम पाला उकळला तर तो चूर्णातल्या मात्रेच्या 160 पट होतो. ग्रंथांनी जे पान चिमटीच्याही अंशाने वापरायला सांगितले, ते आपण मुठीने उकळतो. त्यात पान खरे तालीसाचे नसून थुनेरचे निघाले, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट साखरेची. चूर्णाचा दोन तृतीयांश भाग साखर आहे. 3 ग्रॅमच्या मात्रेत 2 ग्रॅम साखर, दिवसातून दोनदा घेतले तर 4 ग्रॅम. मधुमेहींनी आयुर्वेदिक आहे म्हणून हे बिनघोर घेऊ नये. वैद्यांना आधी साखरेचे आकडे सांगावेत. सितोपलादी चूर्ण याच प्रकरणातले. त्यात तालीस नाही, मिरी-सुंठ नाही, पण साखर निम्म्याहून थोडी जास्त. दोन्ही चूर्णे एकच समजून अदलाबदल करू नका. तालीसादी जास्त तिखट आणि उष्ण. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांना ते झेपेलच असे नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मातीची. यात तालीसाच्या चौपट असलेली पिंपळी हिमालयातून आणावी लागत नाही. अंजनगाव सुर्जी आणि अकोटच्या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पानमळ्यांसोबत पानपिंपळीचे मळे आहेत, आणि तिथली वाळलेली पिंपळी देशभरच्या औषधी बाजारात जाते. खोकल्याच्या चूर्णात वऱ्हाडचा वाटा हिमालयापेक्षा मोठा आहे.

पिंपळी-मिरीचा आणखी एक परिणाम

मिरी आणि पिंपळीत पिपरीन असते. ते इतर औषधे शरीरात जास्त प्रमाणात शोषली जायला मदत करते. फिट्सवरचे फेनिटॉइन, दम्यावरचे थिओफायलिन, रक्तदाबावरचे प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातले प्रमाण पिपरीनमुळे वाढते, असे माणसांवरच्या अभ्यासांत दिसले आहे. यांपैकी काही चालू असेल, तर तालीसादी, त्रिकटू किंवा पिंपळीचे कुठलेही चूर्ण सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. सांगायला लाजू नका. "घरचंच आहे, त्यात काय सांगायचं" या विचारातून गडबड होते.

कोणी घ्यावे, कोणी थांबावे

सर्दी-पडशानंतर राहिलेला कफाचा खोकला, त्यासोबत अन्नावरची वासना उडालेली, ताप नाही, दम नाही, अशा मोठ्या माणसाने आठवडाभर तालीसादी घेऊन पाहावे. मात्रा डबीवर लिहिलेली किंवा वैद्यांनी सांगितलेली. मध किंवा कोमट पाणी चालते. तालीसावरचे बरेचसे आधुनिक संशोधन प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालेले आहे. त्यामुळे चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. साध्या खोकल्यात घशाला आणि भुकेला आराम मिळाला तर तेवढे पुरे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी स्वतःहून घेऊ नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीच देऊ नये, कारण त्यातून क्वचित बोटुलिझम हा गंभीर आजार होतो. चूर्णही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेह, आम्लपित्त, हृदयाचा आजार किंवा वर सांगितलेली औषधे चालू असलेल्यांनी आधी विचारावे.

डबी घेताना

डबीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, घटकांची यादी असायला हवी. यादीत तालीसपत्रापुढे अबीस वेबियाना हे शास्त्रीय नाव आहे का, ते पाहा. नुसते 'तालीसपत्र' लिहिले असेल, किंवा पुढे टॅक्सस असेल, तर ती डबी ठेवून दुसरी घ्या.

वंशलोचनाकडेही लक्ष द्या. खरे वंशलोचन बांबूच्या पेरात साठणारा पांढरट, सिलिकायुक्त खडा. मेळघाटात बांबू भरपूर असला तरी प्रत्येक पेरात ते सापडत नाही, म्हणून बाजारात कृत्रिम वंशलोचन सर्रास विकले जाते. घरी चूर्ण करायच्या हौसेने सगळे घटक सुटे आणणाऱ्यांची फसगत इथेही होते.

चूर्ण हा औषधाचा टिकाऊ प्रकार नाही. शार्ङ्गधरसंहितेनुसार चूर्णाचा गुण दोन महिन्यांत उतरू लागतो. आजच्या हवाबंद डब्यांची मुदत जास्त असली, तरी उघडलेली डबी दोन महिन्यांत संपेल एवढीच लहान घ्या. ओल्या चमच्याने काढू नका. साखर दमटली, गुठळ्या झाल्या किंवा वास बदलला, तर टाकून द्या. गेल्या हिवाळ्यातली उरलेली डबी या हिवाळ्यात उघडू नका.

जवळचे उपाय

पहिले तीन-चार दिवस कुठल्याही चूर्णाशिवाय काढता येतात. कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ, रात्री उशाला जरा उंची. बेहड्याच्या वाळक्या सालीचा छोटा तुकडा तोंडात धरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बेहडा मेळघाटात मुबलक आहे आणि ओळखायला सोपा. अडुळसा बांधाबांधावर, कुंपणाला मिळतो. त्याच्या पानातल्या वॅसिसिन या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार केले. आज खोकल्याच्या कितीतरी सिरपांत ते किंवा त्याचे भावंड अँब्रोक्सॉल असते. अडुळसाही गरोदरपणात टाळावा. तरीही ज्याचे झाड, पान आणि फूल लहानपणापासून पाहिले आहे, ते वापरताना एका वनस्पतीऐवजी दुसरी पोटात जाण्याची भीती राहत नाही.

हाच नियम हिमालयातल्या इतर सदाहरित झाडांनाही लावा. प्रसूतीनंतरच्या देवदार्वादी काढ्यातला देवदार, सर्दीत वापरले जाणारे कायफळ, चिडाचा गंधबिरोजा, या सगळ्यांचे ग्रंथातले उपयोग खरे आहेत. पण ते झाड आपण पाहिलेले नाही आणि पुडीतला तुकडा आपल्याला ओळखता येत नाही. म्हणून वैद्यांच्या चिठ्ठीने आणि नाव-परवाना छापलेल्या पाकिटातच घ्यावे.

हा खोकला चूर्णाचा नाही

दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर आधी थुंकी तपासा. राजयक्ष्म्यावर चरकाने चूर्ण सांगितले होते, तेव्हा क्षयाच्या जंतूचा शोध लागायचा होता आणि त्याला मारणारे औषधही नव्हते. आज दोन्ही आहे. अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा 1000 रुपये रुग्णाच्या खात्यावर जमा होतात. क्षयाच्या गोळ्या चालू असताना तालीसादी घ्यायचे झाले, तर ते उपचार देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. त्या गोळ्यांच्या जागी तर कधीच नाही.

लहान मुलांसाठी घड्याळ हे उत्तम साधन आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळात 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर तो न्यूमोनिया समजून लगेच रुग्णालय गाठा. मेळघाटात अजूनही काही घरांत अशा बाळाच्या पोटाला तापल्या सळीचा डंबा देतात. त्याने श्वास मोकळा होत नाही, उलट भाजल्याची जखम आणि जंतुसंसर्ग वाढतो. 108 ला फोन करा, गाडी येईपर्यंत बाळाला उबदार ठेवा आणि अंगावरचे दूध पाजता येत असेल तर पाजा.

आणि कुणी तालीसपत्राचा काढा घेतल्यावर चक्कर, उलट्या किंवा छातीत धडधड सांगितली, तर वाट पाहू नका. रुग्णाला थेट रुग्णालयात न्या आणि उरलेला पाला पुडीसकट सोबत घ्या. तो तपासला तर पान कुठल्या झाडाचे होते हे डॉक्टरांना कळेल, आणि त्या दुकानातून तीच पुडी घेतलेल्या इतरांनाही वेळेत सावध करता येईल.